‘टू’ काढा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात संध्याकाळी चालायचं असेल तर नजर खाली ठेवावी लागते, कारण खाली दुचाक्या लावलेल्या असतात. आणि शिकायचं असेल तर वर ठेवावी लागते, कारण क्लास सगळे वरच्या मजल्यावर. तळमजल्याला वह्या, पुस्तकं, झेरॉक्स, चष्मे, साड्या. दोन दुकानांच्या मधून एक माणूस जेमतेम जाईल असा जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी पाट्यांची उतरंड. स्पोकन इंग्लिश, टीईटी, बँकिंग, एमपीएससी, अभ्यासिका (आरओ पाणी, वायफाय, मुलींसाठी वेगळी सोय) आणि सगळ्यांत ठसठशीत अक्षरांत ‘अ‍ॅडव्हान्स इंग्लिश ग्रामर’. अशा पाट्यांवरच्या स्पेलिंगची थट्टा करायची आपल्याकडे जुनी चाल आहे. मी ती करणार नाही. पाटी रंगवणाऱ्याने इंग्रजी शिकवण्याची हमी कधीच दिलेली नव्हती.

मला कुतूहल आहे ते ‘अ‍ॅडव्हान्स’चं. ‘बेसिक’ची बॅच इथे सहसा भरत नाही. बेसिकला बसायचं म्हणजे बारावीपर्यंत आपण काय केलं ते चारचौघांत कबूल करायचं, कोण करणार? त्यामुळे ज्याचा ‘डू’ आणि ‘डझ’मध्ये घोळ आहे तोही अ‍ॅडव्हान्सला बसतो, ज्याचा नाही तोही बसतो, आणि सर पहिल्या दिवशी फळ्यावर ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ लिहून सुरुवात मुळापासूनच करतात. कोणाची अब्रू जात नाही, फीसुद्धा अ‍ॅडव्हान्सची घेता येते.

बॅचमध्ये बसणारी मंडळी बघण्यासारखी असतात. पुढच्या बाकांवर सिल्लोड, गंगापूर, भोकरदन, अंबडकडून आलेली एमपीएससीची मुलं, ज्यांच्या वहीत तीन रंगांची शाई असते. मधल्या बाकावर बढतीची मुलाखत जवळ आलेली एखादी बँकेतली बाई. आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, टोपी किंवा मफलर न काढता बसलेले दोन गुरुजी. हे स्वतः इंग्रजी शिकवतात. क्लासला येण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही हे त्यांना पटलेलं असतं. फक्त पुढच्या बाकावरचा मुलगा आपल्याच शाळेतून गेलेला निघाला तर काय, एवढी एक धाकधूक असते. तो निघतोच. मग तो वळून “नमस्कार गुरुजी” म्हणतो आणि गुरुजी “मी सहज आलो होतो रे” म्हणतात. सहज आलेल्या माणसाच्या हातात चार महिन्यांची पावती असते.

सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक.’ आणि पुढे कंसात हुकूम: ‘रिमूव्ह टू.’ महाराष्ट्रात मराठी माध्यमातून दहावी झालेल्या माणसाच्या कानाला हे दोन शब्द रात्री झोपेतही ऐकू येतात. चहा इतका गरम आहे की मी पिऊ शकत नाही, असं ते वाक्य फिरवायचं. सरांनी फिरवलं. भोकरदनकडच्या मुलाने हात वर केला.

“सर, तुम्ही टू काढा म्हणले. टू तर निघाला. पण सो आला, दॅट आला, आय आला, कॅनॉट आला, शेवटी इट बी आला. काढलं काय आन् भरलं किती?”

सर खडू झटकत म्हणाले, “मार्क टू काढण्याचा आहे, जागा वाचवण्याचा नाही. पुढचं घे.”

मला विचाराल तर मुलाचा प्रश्न अर्धवटच होता. मूळ प्रश्न असा की औरंगपुऱ्यात असा चहा सापडणार कुठे? जिना उतरलं की टपरी आहे, तिथे उकळता चहा काचेच्या ग्लासात येतो आणि लोक तो बोलता बोलता संपवतात. ज्याला भाजतो तो बशी मागून घेतो. चहा पिता न येण्याइतका गरम असणं ही बशी नसलेल्या देशातली अडचण आहे, आणि ती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ‘सो’ आणि ‘दॅट’ घालून सोडवत बसलो आहोत.

या व्याकरणाचा एक स्वतंत्र देश आहे आणि तिथली वस्ती ठरलेली आहे. तिथे एक डॉक्टर असतो, तो नेहमी उशिरा येतो. एक पेशंट असतो, तो त्याच्या आधीच मेलेला असतो. पास्ट परफेक्ट समजावण्यासाठी या एका वाक्यात जेवढी माणसं दगावली तेवढी कुठल्या साथीतही दगावली नसतील. दुसरं उदाहरण आगगाडीचं: मी स्टेशनवर पोचण्यापूर्वी गाडी सुटलेली होती. ते आमच्याकडे चालत नाही. आमच्या स्टेशनवर माणूस कितीही उशिरा पोचला तरी गाडी अजून यायचीच असते, म्हणून मराठवाड्यातल्या मास्तरांची सगळी भिस्त पेशंटवर.

त्या देशात एक चोर राहतो. त्याला पोलीस दिसला रे दिसला की तो पळतो, आणि पळताना ‘नो सूनर डिड’ आणि ‘दॅन’ यांच्या मधून पळतो. तिथे रामा नावाचा माणूस साप मारतो. मग सर ‘चेंज द व्हॉइस’ म्हणतात आणि साप रामाकडून मारला जातो. साप दोन्हीकडे मरतो, मार्क एकाच ठिकाणी मिळतो. तिथले लोक आनंद झाला की ‘हुर्रा’ आणि दुःख झालं की ‘अलास’ म्हणतात. पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत मी कोणालाही ‘अलास’ म्हणताना ऐकलेलं नाही, सोनं महागल्याच्या दिवशीसुद्धा नाही. पण दहावीच्या मुलाला त्या ‘अलास’चं इनडायरेक्ट नॅरेशन पाठ असतं: तो अतीव दुःखाने उद्गारला की तो मेला होता. यात नेमकं मेलं कोण, उद्गारणारा की दुसरा, हे तपासणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कालिदासाचं तर काही विचारू नका. कालिदास सर्वांत थोर कवी आहे. दुसरा कोणताही कवी कालिदासाइतका थोर नाही. कालिदास इतर सर्व कवींहून थोर आहे. ‘डिग्री’ बदलत बदलत कालिदासाचा एवढा गौरव खुद्द उज्जैनलाही होत नसेल. मेघदूतातलं एक अक्षर न वाचता माझ्या पिढीने त्याला तीनदा थोर ठरवला.

बरं, एवढी कसरत केल्यावर बोलता येतं का? अजिबात नाही. इथून तीस किलोमीटरवर वेरूळला जा. तिथे कैलास लेण्याच्या दाराशी गाईड उभे असतात. त्यातले कितीतरी जण ऐकून ऐकून इंग्रजी शिकलेले. क्रियापद एकीकडे, काळ दुसरीकडे, ‘द’चा पत्ता नाही, पण परदेशी पाहुणा मान डोलावतो, हसतो, प्रश्न विचारतो, पैसे देतो. हाच पाहुणा औरंगपुऱ्यात येऊन ‘अ‍ॅडव्हान्स’ झालेल्या माणसाला रस्ता विचारू लागला, तर आपला माणूस आधी मनात वाक्य जुळवतो, मग त्यात ‘शुड’ घालावा की ‘वुड’ याचा विचार करतो, मग प्रेपोझिशन तपासतो, आणि तोवर पाहुणा रिक्षात बसून गेलेला असतो. हे खरं पास्ट परफेक्ट.

या गोष्टीवरून व्याकरणाला हसायची आता फॅशन झाली आहे. मीही वर दोन पानं तेच केलं. तरी व्याकरणाच्या बाजूने एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती बोलून टाकतो. इंग्रजीचा उच्चार घरातून येतो. ज्याच्या घरी आई इंग्रजीत रागावते त्याला ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ फुकट मिळतात. ज्याच्या घरी ती अहिराणीत किंवा लमाणीत रागावते त्याला ते विकत घ्यावे लागतात, तरी अंगाला बसत नाहीत. व्याकरणाला मात्र ‘तुझे वडील काय करतात’ असं विचारता येत नाही. ‘हॅड’ कुठे घालायचा हे कन्नड तालुक्यातल्या तांड्यावरच्या मुलाला आणि कॉन्व्हेंटच्या मुलीला अगदी सारखंच येऊ शकतं, आणि खरं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. इंग्रजीचा हा एवढाच मुलूख असा आहे की जिथे हसणाऱ्याला नियम दाखवून गप्प करता येतं. म्हणून तर त्या जिन्यावर गर्दी आहे.

फुलंब्रीकडच्या एका शाळेतले माझ्या ओळखीचे एक सर आहेत. ते रविवारी इंग्रजी वर्तमानपत्र विकत घेतात आणि लाल पेन घेऊन बसतात. बातमी काय आहे हे ते वाचत नाहीत. अग्रलेखात ‘वन ऑफ द’च्या पुढे एकवचनी नाम सापडलं की त्याला गोल करतात, आणि तो गोल केलेला कागद घडी घालून खिशात ठेवतात. आठवडाभर दाखवतात. मुंबईच्या संपादकाची चूक फुलंब्रीत पकडली गेली, यातलं सुख ज्याने भोगलं नाही त्याने व्याकरण ‘संप्रेषणाला अडथळा आणतं’ वगैरे भाषणं करावीत.

आमच्या शहराला इंग्रजी पोचलीही जरा वळसा घेऊनच. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत इथे निजामाचं राज्य. सरकारदरबारची भाषा उर्दू, आणि १९१८ साली हैदराबादला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात सगळे विषय उर्दूतून, इंग्रजी ही सक्तीची दुसरी भाषा. त्यामुळे इथल्या जुन्या वकील-मास्तरांचं त्रांगडं बघण्यासारखं होतं. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि इंग्रजीचं व्याकरण त्या उर्दूतून. नामाला ‘इस्म’, क्रियापदाला ‘फेल’. आता विचार करा, ज्या भाषेच्या व्याकरणाच्या तासाला मास्तर सारखे ‘फेल, फेल’ म्हणतात ती शिकायला किती धीर लागत असेल. सरस्वती भुवन संस्था १९१५ची, म्हणजे उस्मानियाहून थोरली; आज औरंगपुऱ्यात ‘एसबी’ म्हटलं की रिक्षावाला पुढे विचारत नाही. १९५०मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय काढलं, आणि घराण्यात ज्यांनी पाटीही धरली नव्हती त्यांची पोरं शेक्सपिअरचा पेपर द्यायला बसली. १९५८ला विद्यापीठ आलं. बी.ए.ला इंग्रजी सक्तीची आली, आणि त्यासोबत एक नवी जमात जन्माला आली: बाकी सगळे विषय निघालेला आणि फक्त ‘कंपल्सरी इंग्लिश’ राहिलेला पदवीधर. या जमातीने गाईड छापणाऱ्यांची दोन-तीन मजली घरं बांधून दिली.

औरंगपुऱ्याच्या चौकात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. त्यांच्या पत्नीने, सावित्रीबाईंनी, १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माउली म्हणून कविता लिहिली. पुढे चिपळूणकरांच्या नावावर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याची पद्धत पडली. आमच्या क्लासमधल्या मुलांची कोणत्या पक्षाकडे ओढ आहे हे सांगायला नको. माउलीकडे माणूस चुका करत, बोबडं बोलत जाऊ शकतो. वाघिणीकडे जाताना निदान प्रेपोझिशन तरी बरोबर असावं लागतं.

आणि हे नियम आले कुठून? दादोबा पांडुरंगांनी १८३६मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. म्हणजे आम्ही पाचवीत जे मराठी व्याकरण शिकतो ते इंग्रजीच्या मापाने बेतलेलं, आणि आठवीत त्याच मराठी व्याकरणाच्या आधाराने इंग्रजी समजून घेतो. पुढे घराघरांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. आजोबांच्या पिढीचं सगळं इंग्रजी तर्खडकरी, म्हणजे वाक्य छोटं, मजबूत आणि जिथे वापरायचं तो प्रसंग आयुष्यात न येणारं.

इंग्रजांच्या घरी तरी काय एकमत आहे? वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन येऊ नये, हा नियम आमचे सर खडूने तीनदा अधोरेखित करतात. १६७२मध्ये कवी ड्रायडनने बेन जॉन्सनच्या लिखाणात अशी शेवटची प्रेपोझिशन्स पकडली, मग त्याला स्वतःच्या जुन्या लिखाणातही ती दिसली, आणि पुढच्या आवृत्तीत त्याने ती एकेक वेचून काढली. १९२६ला कोशकार फाउलरने सांगून टाकलं की ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. लंडनला ती सुटून शंभर वर्षं होत आली. औरंगपुऱ्यात अजून तिच्यापायी अर्धा मार्क जातो.

पण खरी गादी ‘रेन अँड मार्टिन’ची. इथल्या दुकानात जाऊन “रेनमार्टिन द्या” म्हणतात. रेनमार्टिन हा एकच मनुष्य होता अशी अनेकांची पक्की समजूत आहे. पी. सी. रेन हा इंग्रज गृहस्थ गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. पुढे त्याने फ्रेंच फॉरेन लीजनमधल्या शिपायांच्या कादंबऱ्या लिहिल्या. १९२४ची ‘बो जेस्ट’ इतकी खपली की हॉलिवूडने तिच्यावर सिनेमे काढले. वाळवंट, किल्ले, पळालेले शिपाई, चोरीला गेलेला नीलम! आणि त्याच माणसाच्या व्याकरणाच्या पुस्तकात आमच्या वाट्याला काय आलं, तर शेकडो सराव-वाक्यं. नीलम फ्रेंचांना, ‘फिल इन द ब्लँक्स’ आम्हाला.

त्यातही ‘द’ हे एक स्वतंत्र प्रकरण. मराठीत असली वस्तूच नसल्यामुळे ती लावायची कुठे हे पाठ करावं लागतं. नद्यांना लागतो, शहरांना नाही, पर्वतरांगेला लागतो, एकट्या शिखराला नाही, धर्मग्रंथाला लागतो. पैठणच्या मुलाचं उभं आयुष्य गोदावरीच्या काठी गेलेलं असतं, पण ‘द’ न लावता गोदावरी लिहिली की ती चूक. २०२३मध्ये आमच्या शहराचं नाव बदललं तेव्हा गाईडमधले ‘माय सिटी’ निबंध घाईने बदलावे लागले. नवीन नावालाही आधी ‘द’ लागत नाही, एवढाच विद्यार्थ्यांना दिलासा.

आता गुरुजींच्या प्रशिक्षणाकडे येतो, कारण मागच्या बाकावर मफलर बांधून बसलेली ती दोन माणसं माझ्या डोक्यातून जात नाहीत. २०००च्या जूनमध्ये महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. निर्णय मुलांसाठी होता. घाम शिक्षकांना फुटला. ज्यांनी स्वतः इंग्रजीची मुळाक्षरं पाचवीत गिरवली त्यांना सहा वर्षांच्या पोरासमोर इंग्रजीत उभं राहायचं होतं. मग प्रशिक्षणं आली. राज्याची स्टेट इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश, जी १९६५ला मुंबईत निघाली होती, ती पुढे आमच्याच शहरात येऊन राहिली. तिच्या नावाची पाटी आता ‘प्रादेशिक विद्या प्राधिकरण’ अशी झाली आहे. म्हणजे साऱ्या महाराष्ट्राच्या गुरुजींना इंग्रजी कशी शिकवावी हे ठरायचं ते या उर्दूतून इंग्रजी शिकलेल्या गावात. या योगायोगावर अजून कोणी पीएच.डी. केलेली दिसत नाही.

प्रशिक्षण कसं वाहतं ते सांगतो. खात्यातली मंडळी त्याला कॅस्केड म्हणतात. राज्य पातळीवर तज्ज्ञ दहा दिवस शिकवतात. ते शिकलेले जिल्ह्याला पाच दिवस शिकवतात. ते शिकलेले तालुक्याला तीन दिवस, आणि केंद्रशाळेत येईपर्यंत त्याचा एक दिवस उरतो, ज्यात सकाळी उद्घाटन असतं आणि दुपारनंतर लांबच्या गुरुजींची एसटी असते. दिवसांचे आकडे दर वेळी बदलतात, उतार तोच.

त्या एका दिवसाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. जिल्हा परिषद शाळेचा हॉल, सतरंजी, एक पंखा चालू आणि एक आवाज करणारा. गटागटाला चार्टपेपर आणि स्केचपेन मिळालेले. ज्याचं अक्षर चांगलं त्याला गटप्रमुख करतात, बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघतात. साधनव्यक्ती असलेल्या मॅडम सांगतात, आता एनर्जायझर. मग निवृत्तीला दोन वर्षं उरलेले मुख्याध्यापक डोकं, खांदे, गुडघे, पाय यांना इंग्रजीत हात लावत वाकतात. गुडघ्यापर्यंत ठीक असतं. पायाशी पोचल्यावर ते तिथेच थोडा वेळ थांबतात. सगळ्या हॉलला वाटतं सर मनापासून करत आहेत.

मग मॅडम म्हणतात, “फ्रॉम नाऊ, ओन्ली इंग्लिश.” त्याबरोबर इतका वेळ गजबजलेला हॉल देवळासारखा शांत. साठ शिक्षक, सगळ्यांना ‘नाइदर’नंतर ‘नॉर’ येतो हे माहीत, आणि एकही तोंड उघडत नाही. पाच मिनिटांनी कोपऱ्यातून एक आवाज येतो, “मॅडम, टी?” प्रश्नार्थक, शिष्ट आणि व्याकरणाच्या कुठल्याही नियमात न सापडणारं वाक्य. चहा ताबडतोब येतो.

दुपारी मॅडमनी बॉम्बच टाकला. व्याकरण सुटं शिकवायचं नाही. नियम सांगायचे नाहीत. मुलांना भाषा ऐकू द्या, बोलू द्या, चुकू द्या. व्याकरण आपोआप येतं. जगभरचे अभ्यासक हे म्हणतात आणि ते चुकीचं म्हणत नाहीत. पण त्या वेळी मी गुरुजींचे चेहरे बघितले. अर्धं आयुष्य ज्याच्या जोरावर काढलं, ज्याच्यामुळे गावात पाटलाचा पोरगाही नोकरीचा अर्ज तपासून घ्यायला घरी येतो, ती एकुलती इस्टेट या बाई म्हणतात कपाटात ठेवा. आणि बोला! म्हणजे नेमकं जे येत नाही ते करा. एक गुरुजी हळूच शेजाऱ्याला म्हणाले, “यांनी आधी रेनमार्टिन पाठ केलंय, आता आपल्याला नको म्हणू राहिल्या.” यावर उत्तर द्यायला मॅडमजवळ वेळ नव्हता. हजेरीच्या सह्या राहिल्या होत्या.

न्यायाने सांगायचं तर सगळीच प्रशिक्षणं अशी आटत नाहीत. २०१६च्या आसपास ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्‌स आणि राज्य सरकार यांनी मिळून ‘तेजस’ चालवलं. त्यात वरून कोणी ओतायला आलं नाही. आसपासच्या शाळांतले शिक्षक ठरलेल्या दिवशी गट करून जमायचे आणि आपापसात इंग्रजीतून बोलायचे. सगळेच अडखळणारे असल्यामुळे कोणी कोणाला हसत नव्हतं. मला वाटतं, इंग्रजी बोलण्यासाठी माणसाला लागतं ते एवढंच: समोरच्याला आपल्याहून जास्त येत नाही याची खात्री.

बोलण्याचं हे असं. लिहिण्याचं दुखणं आणखी निराळं. रजेच्या अर्जात मराठी मुलाला आजवर एकच आजार झालेला आहे, ताप. कारण ‘सफरिंग फ्रॉम’च्या पुढे तेवढंच पाठ आहे. ज्याला जुलाब होतात त्यालाही अर्जात ताप येतो, स्पेलिंगपायी. मोठेपणी तो ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ सुरू करून ‘डू द नीडफुल’वर थांबतो, आणि मधला मजकूर वाचायची गरज कोणालाच पडत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून सगळी वर्णनात्मक झाली तेव्हा औरंगपुऱ्यातल्या जिन्यांवर खळबळ उडाली. चार पर्यायांतून अचूक गोल काळा करण्यात ज्यांनी उमेदवारी घालवली त्यांना आता पानंच्या पानं इंग्रजी लिहायचं होतं. पाट्यांवर हे शब्द ठळक झाले: एसे, प्रेसी, ट्रान्स्लेशन. यातलं प्रेसी, म्हणजे उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश, आमची मुलं सुरेख करतात. इंग्रजीत मुळात आमच्याकडे तिसराच हिस्सा असतो.

आता मोबाइल सगळं दुरुस्त करून देतो. मराठीत सांगा, तो झोकदार इंग्रजीत पत्र लिहून देतो, ‘हे पत्र आपणास सुखरूप गाठेल अशी आशा’ वगैरे सुरुवातीसह. क्लासचे सर सांगत होते, हल्ली मुलांच्या वह्यांत चुकाच सापडत नाहीत, तपासायचं काय? त्यांच्या आवाजात खरंच दुःख होतं. मी त्यांना ‘अलास’ म्हणणार होतो.

फुलंब्रीच्या सरांना मात्र मोबाइलचं इंग्रजी चालत नाही. गेल्या वर्षी त्यांनी एका कार्यालयाकडे आपल्या थकीत बिलाबद्दल अर्ज केला, स्वतःच्या हाताने, इंग्रजीत. दोन रात्री खर्चून. त्यात ‘इनस्पाइट ऑफ’ होता, ‘नॉट ओन्ली, बट ऑल्सो’ होता, एक ‘नो सूनर’सुद्धा बसवलेला होता. अर्ज इतका निर्दोष होता की त्यांनी त्याची झेरॉक्स काढून वर्गात शिकवली. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. १९६४चा राजभाषा अधिनियम डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं: “आपला अर्ज इंग्रजीत असल्याने विचारात घेण्यात आलेला नाही. तो मराठीतून सादर करण्यात यावा, असे कळविण्यात येत आहे.”

मला वाटलं सर भडकतील. सरांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग खिशातलं लाल पेन काढलं, ‘घेण्यात’, ‘करण्यात’ आणि ‘कळविण्यात’ या तिन्हींखाली रेघा ओढल्या, आणि पत्र माझ्याकडे सरकवत म्हणाले, “बघा. तीन पॅसिव्ह, आणि तिन्हीत ‘बाय प्लस एजंट’ गाळलाय. पूर्ण मार्क.”